फोटोच्या आधी मोजमाप

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. थेरपिस्टनी आधाराची व्हीलचेअर आणि स्टँडिंग फ्रेम (आधारानं उभं ठेवणारी चौकट) सांगितली आहे. पैसे जमवण्यासाठी आवाहन कसं लिहावं? तिचा फोटो टाकावा का?

उत्तर :

माझी लेक आता बारा वर्षांची आहे. तिलाही सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे : मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा राहत नाही, आधाराशिवाय बसता येत नाही. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले, कारण अशाच एका फोटोवरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

ती पाच वर्षांची असताना आम्हाला पहिली व्हीलचेअर देणगीतून मिळाली. खटपट सगळी दादाची. आवाहनही त्यानंच लिहिलं. 'अभागी जीव', 'जन्मभर परावलंबी' असे शब्द, आणि सोबत ती थेरपीत रडत असतानाचा फोटो. मला विचारलं नव्हतं. दोन आठवड्यांत खुर्ची दारात हजर. मोठ्या माणसाची, घडीची, कापडी बैठकीची. ते कापड मध्ये झोळीसारखं खचायचं, त्यामुळे तिच्या मांड्या आत वळायच्या, कंबर एका अंगाला कलायची आणि पाय फूटरेस्टच्या वीतभर वर लोंबकळायचे. देणाऱ्यांना खुर्चीतला फोटो हवा होता. ती काही केल्या बसेना, घसरतच होती. शेवटी मी खुर्चीमागे वाकले, मागून हात घालून तिला कमरेशी घट्ट धरलं, आणि फोटो निघाला. त्यात ती ताठ बसलेली दिसते. हसतेयसुद्धा.

त्या रात्री कपडे बदलताना माकडहाडावर अंगठ्याएवढा लाल डाग दिसला. साधा लालसरपणा बोटानं दाबून सोडला की क्षणभर फिका पडतो. हा पडला नाही. दाबानं होणाऱ्या जखमेची सुरुवात अशी असते. दादा म्हणाला, 'उशी लाव, मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नये.' उशी मी लावलेलीच होती. उशीमुळे ती उलट आणखी पुढे सरकायची. खुर्ची दाराआड गेली, आणि पुढचं वर्षभर मी ज्याच्याकडे मदत मागायला जाई तो म्हणे, 'पण तुम्हाला तर मिळाली ना?' त्या एका वाक्यानं आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं पैसे नसण्यानंही केलं नाही.

म्हणून माझं ठाम मत : दयेवर मागितलं की दया मिळते, मापाची खुर्ची मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली व्हीलचेअर देण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात आठ टप्पे आहेत. पैशाची सोय आणि ऑर्डर हा त्यातला चौथा. त्याआधी नोंदणी, तपासणी आणि नेमकी कोणती खुर्ची हे लिहून घेणं. त्यानंतर खुर्ची तयार करणं, मुलाला बसवून पाहणं, वापर शिकवणं, आणि शेवटी देखभाल-दुरुस्ती. दादानं चौथ्यापासून सुरुवात केली आणि तिथंच थांबला. बहुतेक लोक हेच करतात.

दुसऱ्या वेळी मी एक पानभर कागद केला. थेरपिस्टकडून मापं लिहून घेतली : कमरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाची उंची. बैठकीची कड आणि पोटरी यांत दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे, हेही लिहिलं. टणक बैठक, कमरेचा पट्टा, दोन्ही बाजूंचे आधार, हेडरेस्ट, प्रत्येक का हवं ते एकेका ओळीत. उदाहरणार्थ, 'बाजूचे आधार असले की तिचे हात मोकळे राहतात, मग ती स्वतः चमचा धरते.' सोबत कोटेशन. रडका फोटो नाही. आणि 'उपकार' हा शब्द नाही, कारण चालण्या-फिरण्याची साधनं परवडणाऱ्या किमतीत मिळावीत ही २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातली जबाबदारी आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

रक्कम मागताना फक्त खुर्चीची मागू नका. मूल वाढतं. बैठकीची खोली आणि रुंदी वाढवता येईल अशीच चौकट घ्या, आणि पट्टे, चाकं, गादी बदलण्याचा खर्च त्याच मागणीत धरा. खुर्ची आल्यावर 'आता पट्टा तुटला' म्हणून पुन्हा गेलात तर लोक दार उघडत नाहीत, हा माझा अनुभव आहे. स्टँडिंग फ्रेम मात्र दुसऱ्या मुलाची वापरलेली मिळाली तरी बिनधास्त घ्या, थेरपिस्टनी तिच्या मापाला लावून दिली म्हणजे झालं. ती दिवसातून ठरावीक वेळच लागते. खुर्चीत मूल अख्खा दिवस काढतं.

आता दादाच्या बाजूचंही सांगायला हवं. माझ्या पद्धतीला नऊ महिने लागले. तेवढ्यात लेक वाढली आणि ऑर्डरच्या आधी सगळी मापं पुन्हा घ्यावी लागली. त्याची खुर्ची दोन आठवड्यांत आली होती. तुमच्या मुलीचा कणा वाकत असेल किंवा खुबा सरकत असेल आणि थेरपिस्ट घाई करायला सांगत असतील, तर ज्या मार्गानं लवकर होईल तो धरा. फोटोही टाका. पण तिला विचारून. सहा वर्षांच्या मुलीला ते कळतं.

माझ्या लेकीला मी विचारलं नव्हतं, दादानंही नाही. गेल्या महिन्यात तिनं दादानं नेटवर टाकलेला तो खुर्चीतला फोटो शोधून काढला. दोन बोटांनी मोठा केला आणि तिच्या कमरेपाशी, फ्रॉकच्या घडीत दिसणाऱ्या चार बोटांवर येऊन थांबली. बोलायला तिला वेळ लागतो. 'ही कुणाची?' मी म्हटलं, माझी. मग तिनं फोटोखालचं दादाचं आवाहन वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, 'अभागी'सकट, आणि म्हणाली, 'काढायला सांग.'

मी दादाला दोनदा सांगितलं. त्याच्या मते त्या आवाहनानं खुर्ची मिळवून दिली, म्हणून ते फोटोसकट राहू द्यावं. दादा, तू इथलं वाचतोस हे मला माहीत आहे. आता मी नाही, ती सांगतेय. आज काढ.