फेडोरावर चालणारी स्क्रिप्ट उबुंटू आणि मॅकवर का अडते?

प्रश्न : एका मुक्त-स्रोत प्रकल्पासाठी मी इन्स्टॉलेशनची शेल स्क्रिप्ट, म्हणजे 'शेल' या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी आज्ञांची फाइल, लिहिली आहे. पहिल्या ओळीत 'एसएच' हाच शेल नमूद केला आहे. फेडोरा या लिनक्स प्रणालीवर ती बिनतक्रार चालते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर मात्र दोन मजकुरांची तुलना करणाऱ्या ओळीवर अडते आणि मॅकवर फाइलमधील मजकूर बदलणाऱ्या 'सेड' आज्ञेशी थांबते. असे का होते? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणींची मुळे वेगवेगळी आहेत. फेडोरात 'एसएच' म्हणून प्रत्यक्षात बॅश हा अधिक सोयींचा शेलच चालतो आणि तो आपल्या खास सवलती त्या नावाखालीही बऱ्याच अंशी चालू ठेवतो. उबुंटूने मात्र 2006 मध्ये, 6.10 या आवृत्तीपासून, संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून तेथे डॅश हा आटोपशीर शेल बसवला. पुढे डेबियन या लिनक्स प्रणालीनेही तेच केले. तुलनेसाठी आपण बहुधा दुहेरी बरोबरचे चिन्ह वापरले असावे. डॅशला ते कळत नाही. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामाईक मानकाप्रमाणे एकेरी चिन्ह लिहिल्यास ती ओळ सगळीकडे चालेल.

'सेड'चा दोष शेलकडे नाही, म्हणून शेल बदलून तो जाणारही नाही. फाइल जागच्या जागी बदलणाऱ्या 'उणे आय' या पर्यायानंतर मॅकवरील 'सेड'ला जुन्या प्रतीच्या नावाला जोडायचा प्रत्यय द्यावाच लागतो. तो न दिल्यास आपली बदलाची सूचनाच प्रत्यय समजली जाते आणि फाइलचे नाव सूचना म्हणून वाचले जाते. पर्यायाला अंतर न सोडता 'डॉट बॅक' जोडल्यास लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे काम होते, नंतर ती जादा प्रत पुसावी.

'सरळ बॅशच सक्तीचा करू' हा मोह होईल, पण मॅकसोबत येणारा बॅश परवान्याच्या कारणामुळे 3.2 वरच थांबलेला आहे, त्यामुळे 2009 च्या चौथ्या आवृत्तीतील नावांनी शोधता येणारे मूल्यांचे संच, म्हणजे अ‍ॅरे तेथे मिळत नाहीत; अल्पाइन लिनक्समध्ये तर बॅश मुळात नसतोच. इन्स्टॉलेशनच्या स्क्रिप्टला अ‍ॅरेंची गरज क्वचितच पडते, तेव्हा ती साध्या पॉझिक्स शेलसाठीच लिहावी, असे माझे मत आहे. बॅशपुरत्या रचना 'शेलचेक' हे स्क्रिप्ट तपासणारे साधन दाखवून देते. 'सेड'सारख्या बाहेरच्या आज्ञांचे पर्याय मात्र ते फारसे तपासत नाही, त्यासाठी स्क्रिप्ट प्रत्यक्ष मॅकवर आणि अल्पाइनवर चालवून पाहावी.