रत्नागिरीत राहून सिनेमावर लिहायचंय? मग हे वाच

मुंबईला गेल्याशिवाय समीक्षक होता येत नाही, हे डोक्यातून काढून टाक. पोटापाण्याचं मात्र आधी बघ. नुसत्या परीक्षणांवर घर चालत नाही, नोकरी धरूनच लिही.

सुरुवात 'किल्ला' या मराठी सिनेमापासून कर. तुझ्या ओळखीचा कोकणातला पाऊस त्यात आहे, आणि २०१४ साली बर्लिन महोत्सवात बालज्युरींनी त्याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला. दिग्दर्शक अविनाश अरुण यांनीच कॅमेराही सांभाळलाय, म्हणून दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघ. सिनेमातला मुख्य पोरगा चौकटीत कुठे उभा आहे, कॅमेरा त्याच्यापासून किती लांब, शॉट कधी तुटतो, एवढंच टिपून ठेव. 'छायाचित्रण नेत्रसुखद' असलं लिहू नकोस, ते कोकणातल्या कुठल्याही सिनेमाला चिकटतं. गोष्ट तर अजिबात सांगत बसू नकोस, वाचकाला अजून तिकीट काढायचंय.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा फिल्म ॲप्रिसिएशनचा, म्हणजे सिनेमा कसा बघायचा हे शिकवणारा, कोर्स जमेल तेव्हा कर.

आपल्या गावात शूटिंग झालेला सिनेमा फसला असेल, तर तसंच लिही. लोक रुसतील, रुसू देत. पण कुठे फसला ते प्रसंगासकट दाखव. आणि पाठवण्याआधी प्रत्येक नाव श्रेयनामावलीशी ताडून घे.