राणीमाशी थकली, पेटी कशी सावरावी?

प्रश्न (चोपडा तालुक्यातील शेतकरी): कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटवर मेलिफेरा (युरोपियन) मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत. एका पेटीत माश्या रोडावल्यात, पिलावा (अंडी, अळ्या, कोष) विरळ आहे, नर मात्र भरपूर दिसतात. राणी बदलू का?

उत्तर: भाऊ, राणी शोधण्यात वेळ घालवू नका, आधी अंडी बघा. उन्हाकडे पाठ करून पोळ्याची चौकट धरा. प्रत्येक घरात तळाशी एकेकच अंडं असेल तर राणी पेटीत आहे. पण कामकऱ्यांच्या घरांवर फुगीर टोपणं दिसत असतील, म्हणजे तिथे नर वाढत असतील, तर मिलनात तिने साठवलेलं शुक्र संपत आलंय. ती सुधारणार नाही, बदलाच. एकेका घरात तीन-चार अंडी आणि तीही भिंतींना चिकटलेली असतील, तर राणी केव्हाच गेली आहे आणि कामकरी माश्याच अंडी घालताहेत. अशी पेटी नवी राणी सहसा स्वीकारत नाही. तिच्या माश्या जोमदार पेट्यांपुढे झटकून वाटून द्या. आणि नुसता विरळ पिलावा वरोआ या माश्यांवर जगणाऱ्या बारीक कोळ्यामुळे किंवा फवारणीमुळेही होतो, तेव्हा राणीला दोष देण्यापूर्वी तेही तपासा.

राणी थकलीच असेल तर तिला काढा. जिवावर येतं, पण ती असेपर्यंत माश्या दुसरी सहज स्वीकारत नाहीत. दुसऱ्या दिवशी जोमदार पेटीतली ताजी अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली चौकट, माश्या झटकून, मधोमध द्या; त्यातूनच माश्या नवी राणी घडवतात. सोबत टोपण घातलेल्या पिलाव्याची एक चौकट द्याच, कारण पुढचा दीडेक महिना घरच्या नव्या माश्या फारशा निघणार नाहीत. चौकट मेलिफेराचीच हवी, सातेरी या देशी माशीची चालत नाही.

चार-पाच दिवसांनी राणीघरं आलीत का, एवढंच बघा. नसतील तर पुन्हा चौकट द्या. अंड्यापासून राणी निघायला 16 दिवस, पुढे मिलन होऊन ती अंडी घालेपर्यंत आणखी दोनेक आठवडे लागतात. या काळात रोज पेटी उघडू नका, मिलनाहून परतणारी राणी गोंधळते. दार अरुंद ठेवा, साखरेचा पाक संध्याकाळीच द्या, नाहीतर शेजारच्या माश्या लूट करतील.

होळी उलटून गेली असेल तर मी नवी राणी करायला सांगणार नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात फुलोरा आटतो, कमजोर पेटी तग धरत नाही. थकलेली राणी काढा, जोमदार पेटीवर वर्तमानपत्राचा कागद अंथरून त्याला बारीक भोकं पाडा आणि ही पेटी वर ठेवा. माश्या कागद कुरतडत हळूहळू एक होतात. पावसाळ्यानंतर फुलोरा आला की त्यातूनच पुन्हा दोन पेट्या करता येतील.