तोंडाच्या कर्करोगात जनुक बिघडते की नुसते बंद पडते?

तोंडाचा कर्करोग उत्परिवर्तनांमुळे (डीएनएच्या क्रमातील बदलांमुळे) होतो की एपिजेनेटिक बदलांमुळे (क्रम तसाच ठेवून जनुक चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणांमुळे), आणि हे दुसरे बदल परतवता येत असतील तर त्यांवर उपचार का रूढ झाला नाही, असे आपण विचारले आहे. ही दोन कारणे एकमेकांपासून तोडता येतात असे मला वाटत नाही, आणि ते सीडीकेएन२ए या एकाच जनुकावरून दाखवता येईल.

हे जनुक पी१६ नावाचे प्रथिन घडवते, जे पेशीला गरजेशिवाय विभाजनाच्या चक्रात शिरू देत नाही. तोंडातील स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या, पेशींच्या कर्करोगात (तोंडाचे बहुतेक कर्करोग याच प्रकारचे असतात) कधी गुणसूत्राचा तो तुकडाच गळून जातो, कधी उत्परिवर्तनाने जनुक निकामी होते, तर कधी डीएनएचा क्रम जसाच्या तसा राहूनही जनुकाच्या आरंभीच्या भागावर मिथिल गट बसतात आणि ते वाचलेच जात नाही. तिन्ही वाटांनी पेशीचा लगाम सुटतो. यांतील मिथिलेशन, म्हणजे मिथिल गट बसणे, कर्करोग होण्यापूर्वीच्या, पेशींची रचना बिघडू लागलेल्या चट्ट्यांतही आढळते, म्हणून मला ते विशेष मोलाचे वाटते.

टीपी५३ हे डीएनए बिघडलेल्या पेशीचे विभाजन रोखणारे जनुक मात्र प्रामुख्याने उत्परिवर्तनानेच बिघडते. शिवाय २०१५ साली डोके व मानेच्या २७९ ट्यूमरांच्या जनुकीय विश्लेषणात केएमटी२डी आणि एनएसडी१ या जनुकांतही उत्परिवर्तने दिसली, आणि ही जनुके हिस्टोनांवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) रासायनिक खुणा करणारी एन्झाइमे घडवतात. म्हणजे एपिजेनेटिक गोंधळाचे मूळही काही वेळा उत्परिवर्तनातच असते.

उपचाराची अडचण येथेच आहे. ॲझासिटिडीन आणि डेसिटाबीन ही मिथिलेशन कमी करणारी औषधे मायेलोडिसप्लास्टिक सिंड्रोम या रक्ताच्या आजारात वापरली जातात, पण ती एखादे जनुक निवडून जागे करत नाहीत. सगळ्या जनुकसंचावर काम करतात, त्यामुळे नको असलेली जनुकेही जागी होऊ शकतात, आणि औषध थांबल्यावर मिथिलेशन पुन्हा परतू शकते. ज्या पेशीतून सीडीकेएन२ए गळूनच गेले आहे तिथे तर जागे करण्यासारखे काही उरलेलेच नसते. माझ्या मते या बदलांचा उपयोग औषधापेक्षा आधी धोकादायक चट्टे ओळखण्यासाठी होईल. तोवर दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा न जाणारा पांढरा वा लाल चट्टा असेल, तर अशा चाचणीची वाट न पाहता तज्ज्ञाला दाखवावे आणि त्यांनी सांगितल्यास बायोप्सी करून घ्यावी.