ख्रिस्ती माणूस खरा देशभक्त असू शकतो का?

तुम्ही विचारलंय की, ‘आमचं नागरिकत्व स्वर्गात आहे’ असं बायबलच सांगत असेल, तर ख्रिस्ती माणूस भारतावर मनापासून प्रेम कसं करणार? प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळच देते. करतो, आणि श्रद्धा बाजूला ठेवून नाही, तिच्यामुळेच करतो. फक्त एका गोष्टीला आम्ही नकार देतो. ती पुढे येईल.

मी मुंबईतल्या मरोळ गावठाणातली, ईस्ट इंडियन कॅथलिक. मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे.

आधी ते वाक्य बघू. येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या संत पौलाने ते फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली, आणि रोमन नागरिकत्वाचा तिथं फार तोरा असे. अशा गावात तो सांगतो की तुमची शेवटची निष्ठा रोमच्या सम्राटाकडे नाही. पण हाच पौल यरुशलेमात फटके मारायला बांधला गेला तेव्हा ‘मी रोमन नागरिक आहे’ असं रोमन सैनिकांना बजावतो. न्याय मिळेना म्हटल्यावर कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागतो. आणि आपल्या यहुदी बांधवांसाठी त्याचा जीव इतका तुटतो की, ते तरणार असतील तर मी स्वतः ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल, असं तो रोमकरांना लिहितो. आपल्या माणसांवरचं प्रेम सोडून द्या, असं सांगणारा हा माणूस नव्हे.

येशूचं तर काय सांगू! जैतुनाच्या डोंगरावरून उतरताना समोर यरुशलेम दिसलं आणि तो रडला. आठवड्याभरात ज्या शहरात त्याला क्रुसावर खिळणार होते, त्या शहरासाठी. लूकच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग वाचताना आजही माझा आवाज कापरा होतो.

आता आमच्या समाजाबद्दल. ‘ईस्ट इंडियन’ म्हटलं की लोकांना वाटतं, हे कुठून तरी पूर्वेकडून आले. आम्ही इथलेच: साष्टी, वसई, मुंबईच्या बेटांवरचे शेतकरी, कोळी, मीठ पिकवणारे. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालो, पण भाषा मराठी राहिली, लुगडं राहिलं, लग्नात उंबराचं पाणी आणणं राहिलं. नाव मात्र १८८७ चं. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आमच्या पुढाऱ्यांनी ते घेतलं. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे, हे ब्रिटिशांना दिसावं म्हणून. त्यात नोकऱ्यांची आशा होती आणि राणीशी निष्ठाही होती. हे मी लपवणार नाही. मला त्याचा त्रास होतो.

पण याच लहानशा समाजातून काका बॅप्टिस्टा आले. जोसेफ बॅप्टिस्टा, जन्म १८६४, माझगावच्या माथारपाखाडीतला. केंब्रिजला कायदा शिकून आलेला बॅरिस्टर लोकमान्य टिळकांचा जवळचा सहकारी झाला. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, तिचे पहिले अध्यक्ष बॅप्टिस्टा. १९२० साली आयटक ही कामगार संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. टिळक हिंदू संस्कृतीचे कट्टर अभिमानी, बॅप्टिस्टा कॅथलिक. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचा देव आड आला नाही. माझगावच्या टेकडीवरच्या उद्यानाला आज काकांचं नाव आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी तिथं न्यायची, आणि बहुतेक मुलांनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलेलं असायचं. पाठ्यपुस्तकातल्या होमरूलच्या धड्याला जोडून मी हे दरवर्षी शिकवलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

एकदा शिक्षकांच्या खोलीत एका सहकारी बाईंनी मला विचारलं, “तुमची पवित्र भूमी इथली नाही, मग निष्ठा पूर्ण इथं कशी असेल?” पितृभू-पुण्यभूचा हा जुना युक्तिवाद आहे, तुमच्या प्रश्नामागेही तो असावा. बाई मनाने चांगल्या होत्या, म्हणून मी शांतपणे सांगितलं. विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी, म्हणजे यहुद्यांहून वेगळी उपासना करणाऱ्या समाजातल्या, बाईनेही येशूला साधारण हेच विचारलं होतं: उपासनेची खरी जागा कोणती, आमचा डोंगर की तुमचं यरुशलेम? येशू म्हणाला, ना हा डोंगर ना यरुशलेम. खरे उपासक आत्म्याने आणि खरेपणाने पित्याची उपासना करतील. आमच्यावर कुठल्याही यात्रेची सक्ती नाही. पोप आमचे धर्मगुरू आहेत, पण मत कुणाला द्यायचं हे ते मला सांगत नाहीत, आणि माझा पासपोर्ट भारताचा आहे. परमवीरचक्र मिळालेले अल्बर्ट एक्का ख्रिस्ती आदिवासी होते. ३ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेश युद्धात, गंगासागरच्या लढाईत ते धारातीर्थी पडले. त्या रात्री त्यांची पुण्यभूमी कुठली, हे विचारायची कुणाची हिंमत आहे?

आता नकाराची गोष्ट. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन सुभेदार ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांची परीक्षा घेई: सम्राट ट्रेजनच्या प्रतिमेपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायचा आणि ख्रिस्ताला शिव्या द्यायच्या. जे तयार होत नसत ते मरणाला जात. हे लोक कर भरत होते, सम्राटाच्या भल्यासाठी प्रार्थनाही करत होते. त्याला देव मानत नव्हते, इतकंच. आमचंही तेच आहे. देशासाठी जीव देऊ, पण देश जे करेल ते बरोबरच, असं म्हणणार नाही. ही रेघ पुसली की काय होतं ते जर्मनीत दिसलं. तिथल्या पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी, अगदी धर्मगुरूंनीही, हिटलरचा जयजयकार केला, आणि ती लाज आमचीही आहे. हिटलरला विरोध करणारे जर्मन पास्टर बॉनहोफर १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित होते. लोकांबरोबर हे दिवस सोसले नाहीत, तर युद्धानंतर जर्मनीतलं ख्रिस्ती जीवन पुन्हा उभारायचा हक्क मला राहणार नाही, या विचाराने ते काही आठवड्यांतच परतले. ९ एप्रिल १९४५ ला नाझींनी त्यांना फाशी दिलं. त्या दिवशी जर्मनीचा खरा देशभक्त फासावर जाणारा होता, असं मी मानते.

राष्ट्रगीताबद्दलही लोक विचारतात. केरळात यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मला त्या पंथाचं म्हणणं पटत नाही. मी राष्ट्रगीत मोठ्याने गाते आणि हजारो मुलांकडून गाऊन घेतलंय. पण त्या निकालाचा मला अभिमान आहे.

माझ्या आजोबांची भातशेती एका सरकारी प्रकल्पात गेली. मोबदला थोडा मिळाला आणि फार उशिरा. वर्षानुवर्षं ते कचेरीच्या पायऱ्या चढले. त्यांच्या अर्जांच्या प्रती आमच्या पेटीत अजून आहेत, सगळे मराठीत, आणि प्रत्येकाची सुरुवात एकच: ‘मी या देशाचा नागरिक असून...’ शेत गेल्यावरही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, आगेऱ्याला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, ते गोराईच्या नातेवाइकांकडून नव्या भाताच्या लोंब्या आणायचे आणि चर्चमध्ये आशीर्वादाला ठेवायचे. २६ जानेवारीला काळा कोट घालून शाळेच्या झेंड्याला हजर. लहानपणी मला हे कळत नव्हतं. पौलाचं ‘मी रोमन नागरिक आहे’ वाचताना कळलं.

१५ ऑगस्टला आमच्याकडे दोन सण असतात: मरियामातेचं स्वर्गारोहण आणि स्वातंत्र्यदिन. सकाळची मिस्सा होते, तीत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, सरकार कुठल्याही पक्षाचं असो. मग सगळे आवारात येतात आणि झेंडा चढतो. त्याच्या घडीत फुलं बांधायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मुंबईत असाल तर त्या सकाळी या, मेट्रोने मरोळ नाक्याला उतरा.