स्त्रीवादी दृष्टिकोनाच्या प्रश्नात महिला नेत्यांची नावं लिहून गुण का मिळत नाहीत?

तुम्ही विचारलंय: परभणीत एम.ए. राज्यशास्त्र करतेय, 'आंतरराष्ट्रीय राजकारणाचा स्त्रीवादी दृष्टिकोन' या प्रश्नात विजयालक्ष्मी पंडित, इंदिरा गांधी, सुषमा स्वराज यांच्यावर दोन पानं लिहिली, तरी गुण का कमी पडले?

ते 'स्त्रियांचा सहभाग' या वेगळ्या प्रश्नाचं उत्तर झालं. दृष्टिकोन विचारलाय म्हणजे सत्ता, सुरक्षा, राष्ट्रहित या शब्दांत कुणाचा अनुभव धरलाय आणि कुणाचा सुटलाय, ते दाखवायचं. सुरुवात स्त्रीवादी अभ्यासक ॲन टिकनर यांच्यापासून करा. हान्स मॉर्गेन्थाऊ या विचारवंताच्या वास्तववादाची (राजकारण म्हणजे सत्तेसाठीचा झगडा, हा सिद्धांत) सहा तत्त्वं त्यांनी १९८८ मध्ये तपासली आणि ज्याला तो मानवी स्वभाव म्हणतो ती पुरुषी अनुभवाची एकच बाजू आहे, असं मांडलं. मग दुसऱ्या स्त्रीवादी अभ्यासक सिंथिया एन्लो यांचा प्रश्न घ्या: यात स्त्रिया कुठे आहेत?

याला उदाहरण शेजारच्या शिवारातलंच द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं. बातमीत दोन सरकारं, गिरण्या आणि शेतकरी दिसतात. वेचणी मात्र बहुतेक बायका करतात, कमरेला ओटी बांधून, किलोमागे मजुरीवर. अशा निर्णयांनी कापसाचा भाव दबला की वेचणीच्या दरावर घासाघीस होते. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस घालायचा तर सातबारा लागतो, आणि तो बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. इथे घाई करू नका, अर्धं पान द्या.

सुरक्षा परिषदेच्या ठराव १३२५ चा नुसता क्रमांक लिहून सोडू नका. ३१ ऑक्टोबर २००० च्या या ठरावाने शांतता वाटाघाटींत स्त्रियांचा सहभाग आणि युद्धकाळात लैंगिक हिंसेपासून संरक्षण मागितलं, हे लिहा.

नावं घ्यायचीच तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचं घ्या. १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व माणसं' हा शब्द त्यांच्या आग्रहाने आला. शब्दातच राजकारण असतं, हे त्यातून थेट दिसतं.

'स्त्रिया मुळातच शांतताप्रिय' हे वाक्य टाळा. टिकनर यांचाच त्याला आक्षेप आहे. 'स्त्री' हा एकच गट धरणं ही दुसरी चूक. स्वतःच्या रानात वेचणारी शेतकरीण आणि रोजाने आलेली भूमिहीन दलित बाई, दोघींची ओटी सारखी दिसली तरी भाव पडल्याचा मार दोघींना वेगवेगळा बसतो. तो फरक दोन ओळींत तरी लिहा.