पाच मिनिटांचं स्वगत आणि तीन पात्रांची एकांकिका: काय निवडावं?

मडगावच्या स्पर्धेसाठी पाच मिनिटांचं स्वगत आणि फोंड्यात उत्सवाच्या मंडपात करायला तीन नटांची एकांकिका, असं तुम्ही विचारलंय.

स्वगतासाठी विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधलं बेणारे या शिक्षिकेचं शेवटचं स्वगत घ्या. बहुतेक जणी पहिल्याच वाक्याला रडायला लागतात आणि मग पुढे चढायला जागाच उरत नाही. ती आधी शाळेतल्या बाईंसारखी, ताठ बोलते. आवाज मध्याच्या पुढेच फुटू द्या. पाच मिनिटांत विरामांसह साधारण ४५० ते ५०० शब्द बसतात, त्यामुळे कापावं लागेलच. कापताना वाक्यं मधूनमधून गाळू नका, एखादा विषय अख्खा काढा. 'नटसम्राट' मात्र टाळा; बेलवलकर परीक्षकांनी फार वेळा ऐकलेत.

पुरुष नट असेल तर रशियन नाटककार चेखवचं तंबाखूच्या दुष्परिणामांवरचं भाषण. एक टेबल, पाण्याचा ग्लास, जुना कोट, बस्स.

एकांकिकेसाठी चेखवचंच 'अस्वल' (१८८८): विधवा, उधारी वसूल करायला आलेला जमीनदार आणि म्हातारा नोकर, सगळं एकाच खोलीत. मंडपात पोरं फिरत असतात, जनरेटर घुरघुरत असतो, तिथे कुजबुज आणि लांब विराम वाया जातात. हे कडाक्याचं भांडण शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. लटकते माईक असतील तर भांडणाच्या जागा त्यांच्याखालीच बसवा.

तेंडुलकरांच्या वारसांची परवानगी लागेल. चेखवच्या मूळ नाटकांवर आता स्वामित्वहक्क नाही, पण मराठी अनुवादकाला विचारायला हवंच.